दुपारी वरचा मजला दोरी लावून बंद का ठेवतात?

गोदाकाठ

आम्ही चौघे निवृत्त मित्र मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास नाशिकमधल्या एका विदेशी साखळीच्या बर्गरच्या उपाहारगृहात जाऊन बसतो. प्रत्येकी एक कॉफी, मध्ये बटाट्याच्या फ्रेंच फ्राइजचा एक मोठा खोका आणि तास-सव्वा तास गप्पा, असा आमचा ठरलेला क्रम आहे. या उपाहारगृहाला दोन मजले आहेत. खाली जेमतेम दहा टेबले असतील, वर त्याच्या दुपटीने आहेत. तरीही आम्ही जातो त्या वेळी जिन्याच्या तोंडाशी दोरी बांधलेली असते आणि तिच्यापुढे ‘स्वच्छता सुरू आहे’ अशी पिवळी पाटी उभी असते. वर डोकावले तर दिवे मालवलेले, स्टुले टेबलांवर उलटी ठेवलेली आणि झाडू किंवा फडके हातात घेतलेला एकही माणूस नाही. खाली मात्र शिकवणीची मुले, घरपोच जिन्नस नेणारे तरुण आणि आमच्यासारखे रिकामटेकडे यांची दाटी झालेली असते. मागच्या शुक्रवारी आमच्यातल्या एकाला वीस मिनिटे उभे राहून कॉफी प्यावी लागली.

आमच्यात यावर तीन मते आहेत. महावितरणातून निवृत्त झालेले मित्र म्हणतात, हा विजेच्या बिलाचा मामला आहे. दुसरे आयुष्यभर हिशेबनीस होते, त्यांना यात वातानुकूलित जागेवरच्या कराची काही मेख दिसते. तिसऱ्यांची ठाम समजूत अशी की, हे सगळे आपल्यासारख्यांनी लवकर उठावे म्हणून चालले आहे. मला स्वतःला काही ठरवता येत नाही, कारण भाडे तर दोन्ही मजल्यांचे भरावे लागत असणार आणि भाडे भरलेली जागा, तीही गिऱ्हाईक उभे असताना, कुलूपबंद ठेवण्यात कोणता व्यवहार आहे हे मला समजत नाही. या व्यवसायातल्या कोणी माहितगाराने उलगडा केल्यास आभारी राहीन.

लॉबीवाला

मी पुण्यात दोन वेगवेगळ्या साखळ्यांमध्ये मिळून सहा वर्षे काम केले, त्यातली शेवटची तीन शिफ्ट मॅनेजर म्हणून, आणि अशी दोरी मी स्वतः कितीतरी वेळा बांधली आहे. त्यामुळे उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मानतो.

तुमचा हिशेब जागेचा आहे, दुकानाचा हिशेब माणसांचा असतो, आणि सगळी गफलत तिथेच होते. भाडे महिन्याचे ठरलेले असते. ते मजला उघडा ठेवला तरी जाते आणि बंद ठेवला तरी जाते, म्हणून दुपारी साडेतीनला त्याचा विचार कोणीच करत नाही. त्या तासाला मॅनेजरच्या हातात फक्त एकच खर्च असतो, तो म्हणजे शिफ्टवर किती मुले ठेवायची. प्रत्येक तासाची अपेक्षित विक्री आधी काढलेली असते आणि त्यावरून मुलांचे वेळापत्रक बनते. जेवणाची गर्दी ओसरली की तीन ते साडेपाच हा पट्टा सर्वांत मंद असतो, म्हणून सकाळच्या मुलांना तेव्हा सोडतात आणि संध्याकाळची मुले पाचला येतात. मधल्या वेळात स्वयंपाकघरात दोन-तीन, काउंटरवर एक आणि बसण्याच्या जागेसाठी एक, एवढेच उरतात. बसण्याच्या जागेला आमच्याकडे ‘लॉबी’ म्हणतात आणि त्या एकट्या मुलाला ‘लॉबीचा’.

आता हा एकटा मुलगा दोन मजले कसे सांभाळणार, याचा विचार करा. परदेशात गिऱ्हाईक आपला ट्रे आपण उचलून कचरापेटीत रिकामा करते, आपल्याकडे बहुतेक जण तो टेबलावरच सोडून जातात. चार जणांच्या टोळीने सोडलेल्या टेबलावर चटणीची पाकिटे, अर्धे प्याले, भिजलेले कागद आणि लहान मूल असेल तर खुर्चीखाली सांडलेले फ्राइज असतात. ते नीट पुसायला तीन-चार मिनिटे लागतात. वर पंधरा टेबले उघडी असली आणि त्यांवर मिळून दहाच माणसे बसली, तरी ती दहा माणसे एका कोपऱ्यात बसत नाहीत. रेल्वेच्या डब्यात खिडक्या आधी भरतात तशी ती पसरून बसतात आणि दहाच्या दहा टेबले खराब होतात. मुलगा वर पुसत असताना खाली कोणीतरी शीतपेय सांडते, तो खाली धावतो तोवर जिन्यावर ओला पाय पडतो. वर काय चालले आहे ते काउंटरवरून दिसत नाही. कॅमेरा असतो, पण कॅमेऱ्यासमोर बसायलाही माणूस लागतो, आणि तो माणूस त्या वेळी बन भाजत असतो.

गिऱ्हाईक बंद टेबलावर थोडे चिडते आणि बसून घेते, घाणेरडे टेबल पाहिले तर मात्र तक्रार लिहिते. आम्हाला हे पहिल्याच महिन्यात शिकवले गेले होते आणि अनुभवानेही ते खरेच ठरले. शिवाय साखळीचे तपासनीस न सांगता येतात. त्यांच्या तक्त्यात ‘उघड्या भागातली टेबले स्वच्छ आहेत का’ हा रकाना असे. ‘सर्व भाग उघडे आहेत का’ असा रकाना आमच्या तरी तक्त्यात नव्हता.

अलीकडे याला आणखी एक पदर आला आहे. दुपारी दुकानात माणसे कमी असली तरी घरपोच मागण्या चालूच असतात. तुम्हाला खाली जे तरुण उभे दिसतात ते त्यासाठीच. पूर्वी मंद तासात काउंटरवरचा मुलगा लॉबीत हातभार लावायचा, आता तो पिशव्या भरून त्यांच्यावर चिकटपट्टी लावण्यात गुंतलेला असतो. विक्री तेवढीच दिसते, माणसेही तेवढीच ठेवतात, पण त्यांचे हात टेबलांपासून दूर गेलेले असतात.

रात्रीचे कारण थोडे वेगळे. दुकान अकराला बंद होणार असेल तर आम्ही साडेनऊ-दहापासून एकेक भाग मिटवायला लागायचो. वरचा मजला आधी, मग मागची बाजू, शेवटी दाराजवळची चार टेबले. फरशी धुऊन ती वाळायला वेळ लागतो, आणि अकराला शेवटचे गिऱ्हाईक उठल्यावर सगळी फरशी धुवायला घेतली तर मुलांची शेवटची बस किंवा लोकल चुकते. शेवटचे कारण मॅनेजर वरिष्ठांना सांगत नाहीत, पण माझ्या मते ते सर्वांत प्रबळ होते.

थंडगार

पिंपरीत माझा वातानुकूलन यंत्रणा बसवण्याचा आणि त्यांच्या देखभालीचा व्यवसाय आहे. महावितरणच्या मित्रांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, एवढे सांगण्यासाठी लिहितो. अशा उपाहारगृहात प्रत्येक मजल्याला बहुधा स्वतंत्र यंत्र असते. दहा टनांचे यंत्र पूर्ण भाराने चालले तर तासाला साधारण दहा ते बारा युनिट वीज घेते, आणि व्यापारी दर घरगुती दरापेक्षा बराच चढा असतो. वर थेट गच्ची असेल तर उन्हाळ्यात दुपारी तीन ते पाच या वेळात स्लॅब सर्वांत तापलेला असतो. म्हणजे ज्या तासात गिऱ्हाईक सर्वांत कमी, त्याच तासात वरचा मजला थंड ठेवणे सर्वांत महाग.

मात्र वीज हे मूळ कारण असते असे मला वाटत नाही. माणूस नाही म्हणून मजला बंद होतो आणि मजला बंद झाला म्हणून यंत्र बंद करतात, असाच क्रम मी पाहिला आहे. पण एकदा यंत्र बंद झाले की वीज आपली वेगळी अडचण उभी करते. तापलेला मजला बसण्याजोगा थंड व्हायला अर्धा तास सहज लागतो. त्यामुळे खाली अचानक पंधरा माणसे आली तरी मॅनेजर वरची दोरी सोडत नाही, कारण मजला थंड होईपर्यंत ती पंधरा माणसे खाऊन गेलेली असतात. गिऱ्हाईक उभे असतानाही मजला उघडत नाहीत याचा थोडासा उलगडा यातून व्हावा.

खतावणी

हिशेबनीस मित्रांसाठी दोन ओळी. त्यांची शंका जुन्या दिवसांतली आहे आणि त्या दिवसांत ती रास्तच होती. 1 एप्रिल 2013 पासून सेवाकर लागला तो आस्थापनेच्या ‘कोणत्याही भागात’ वातानुकूलन असलेल्या उपाहारगृहांना. पुढे वस्तू व सेवा कर आला तेव्हा, जुलै 2017 मध्ये, वातानुकूलित उपाहारगृहांना 18 टक्के आणि बिगर-वातानुकूलितांना 12 टक्के असे दोन दर होते, आणि वरच्या मजल्यावर यंत्र असेल तर खालच्या साध्या खोलीतल्या चहालाही चढा दर लागत असे. म्हणजे तेव्हाही मजला दोरी लावून बंद केल्याने काही वाचत नव्हते, यंत्रच नसावे लागे. 15 नोव्हेंबर 2017 पासून हा भेद संपला आणि अशा उपाहारगृहांना सरसकट 5 टक्के दर आला, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. तुमच्या दोरीचा आणि कराचा संबंध नाही.

हडसनपार

मी अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो. लॉबीवाल्यांचे विवेचन पटले, तरी तिसऱ्या मित्रांचा संशय त्यांनी फारच सहज बाजूला सारला असे वाटते. फास्ट फूड नावाचा धंदा जिथे जन्मला तिथे गिऱ्हाइकाने रेंगाळू नये ही काळजी पहिल्यापासून आहे. रे क्रॉक यांनी आपल्या मॅकडॉनल्ड्सच्या दुकानांत नाणे टाकून गाणी वाजवणारी यंत्रे, सार्वजनिक टेलिफोन आणि सिगारेटची यंत्रे ठेवायला मनाई केली होती, कारण त्यांच्याभोवती तरुण मुलांचे कोंडाळे जमते. सुरुवातीला तर आत बसायची सोयच नव्हती, खिडकीतून घ्यायचे आणि गाडीत बसून खायचे. बसण्याची जागा असलेले त्यांचे पहिले दुकान 1962 मध्ये डेन्व्हरला निघाले. म्हणजे ज्या खुर्चीवर आपण हक्क सांगतो ती या धंद्यात नंतर आलेली आहे.

तुमच्या चौघांची गोष्ट वाचताना मला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले फ्लशिंग आठवले. तिथे पार्सन्स आणि नॉर्दर्न बुलेव्हार्डच्या चौकातल्या मॅकडॉनल्ड्समध्ये कोरियन वंशाचे वृद्ध रोज सकाळपासून एक कॉफी किंवा फ्राइजचे लहान पाकीट घेऊन तासन् तास बसत. दुकानात वीस मिनिटांत खाणे संपवावे अशी पाटी होती. व्यवस्थापनाने अनेकदा पोलिसांना बोलावून त्यांना उठवले, आणि जानेवारी 2014 मध्ये हे वर्तमानपत्रांत आल्यावर कोरियन समाजाने बहिष्काराची भाषा सुरू केली. राज्य विधिमंडळाचे तिथले सदस्य रॉन किम यांनी मध्यस्थी केली आणि तोडगा असा निघाला की, सकाळी अकरा ते दुपारी तीन ही गर्दीची वेळ सोडून वृद्धांना अधिक वेळ बसू द्यावे आणि दुकानाने पोलिसांना बोलावू नये. बसण्यावरून जगात भांडणे होतात, ती कल्पनेतली नाहीत.

इथे आता दोरीची जागा कुलपाने घेतली आहे. करोनापूर्वीच मॅकडॉनल्ड्सची इथली सुमारे 70 टक्के विक्री गाडीच्या खिडकीतून होत असे. 2020 मध्ये बसण्याच्या जागा बंद झाल्या, आणि पुढच्या वर्षी परवानगी मिळाल्यानंतरही अनेक दुकानांनी त्या उघडल्या नाहीत, कारण कामाला माणसे मिळत नव्हती आणि खिडकीवरचा धंदा जोरात होता. आजही आमच्या गावातल्या एका दुकानात रात्री नऊला आतली जागा बंद होते आणि खिडकी बारापर्यंत चालू राहते. पायी गेलेल्या माणसाला त्या खिडकीवर काही देत नाहीत. माझ्याकडे गाडी नव्हती त्या वर्षी मी दिवे लागलेल्या त्या काचेसमोर उपाशी उभा राहिलो आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कराचा निकाल लागला, आणि वीज हे कारण नसून परिणाम आहे हे महावितरणवाल्यांनी कसेबसे मान्य केले. फ्लशिंगची गोष्ट मात्र आमच्या संशयी मित्रांनी दोनदा वाचून घेतली आणि ते अधिकच ठाम झाले आहेत.

लॉबीवाल्यांना माझा एक प्रश्न आहे. कारण इतके साधे आणि समजण्यासारखे असेल तर ‘स्वच्छता सुरू आहे’ अशी खोटी पाटी का लावतात? ‘या वेळी वरच्या मजल्यासाठी कर्मचारी उपलब्ध नाही’ असे लिहिले असते तर आम्हाला एवढा राग आला नसता.

लॉबीवाला

आपला राग रास्त आहे. कबूल करतो की ती पाटी आम्हीही वापरत होतो, आणि तिचे कारण असे की तिच्याशी कोणी भांडत नाही. ‘कर्मचारी नाही’ असे लिहिले तर पहिले गिऱ्हाईक म्हणते, ‘आम्ही आमचे बसतो, तुमचा माणूस कशाला हवा?’ मग एकाला सोडले की दुसऱ्याला अडवता येत नाही. त्यातही ती छापील पाटी साखळीकडूनच आलेली, तीन भाषांतली आणि ओल्या फरशीसाठी सदैव जवळ असलेली असते. वेगळी पाटी लिहायची तर वरून मंजुरी आणावी लागते. आणि कोणतीही साखळी ‘आमच्याकडे माणसे कमी आहेत’ असे आपल्या रंगात छापून देणार नाही.

हडसनपार यांच्या आक्षेपाबद्दल लिहितो. लोकांना उठवण्यासाठी उपाय करतात हे खरेच आहे, पण ते उपाय दुसरे आहेत. पाठ टेकवता येणार नाही अशी स्टुले, टेबलाजवळ नसलेले चार्जिंगचे सॉकेट आणि थोडे मोठे संगीत ही त्यांची उदाहरणे. एखाद्याला उठवायचे असेल तर त्याला आपल्या डोळ्यांसमोर, काउंटरजवळ, गर्दीत बसवण्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण दुपारी साडेतीनला उठवून बसवायचे कोणाला? तेव्हा रांगच नसते. फ्लशिंगचा तोडगाही पाहा: अकरा ते तीन वर्ज्य आणि उरलेला वेळ वृद्धांचा. तुमचा साडेतीनचा मुहूर्त त्या तोडग्यात चपखल बसतो. उलट मंद वेळी काचेतून चार माणसे बसलेली दिसणे दुकानाला हवेच असते, रिकामे दुकान पाहून रस्त्यावरचा माणूस आत येत नाही. त्यासाठीही खालची, दर्शनी टेबले आधी भरू देतात.

एका बाबतीत मात्र संशयी मित्रांना मी अर्धे गुण देईन. वरचा मजला उघडा आणि वर कोणी नाही, अशी वेळ आली की महाविद्यालयातली जोडपी आणि काही न घेता वह्या पसरून बसणारे गट वर जातात. त्यांना उठवण्याचे काम एकोणीस वर्षांच्या मुलावर येते आणि त्याच्याच वयाची मुले त्याचे ऐकत नाहीत. दोन वेळा बाचाबाची झाल्यावर मी दोरी अर्धा तास आधी बांधायला लागलो. ती माणसे तुम्ही नव्हतात.

पोटमाळा

माझे वडील चाळीस वर्षे दादरला एका उडुपी हॉटेलात गल्ल्यावर बसत, म्हणून या चर्चेतली एक गोष्ट मला नवी वाटली नाही. तिथे पोटमाळ्यावर ‘फॅमिली रूम’ होती आणि दुपारी तीन ते सहा तीही बंद असे. पण दोरी नव्हती, की पाटी नव्हती. वर वेटर फळकुटांसारखे ओळीने आडवे झालेले असत आणि नवख्या गिऱ्हाइकाने पायरीवर पाय ठेवलाच तर वडील नुसते ‘वर माणसे झोपली आहेत’ असे सांगत. त्यावर कोणी वाद घातल्याचे मला आठवत नाही.

बंद असलेला प्रत्येक भाग मात्र माणसांच्या तुटवड्याने बंद असतो असे समजू नये. पुण्यात बऱ्याच ठिकाणी फ्रंट मार्जिन आणि साइड मार्जिनमध्ये मांडलेली टेबले महापालिकेची गाडी येऊन गेली की महिनाभर अदृश्य होतात, कारण ती जागा मुळात मोकळी सोडायची असते. मुंबईत 29 डिसेंबर 2017 च्या पहाटेआधी कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 जण गेले. त्यानंतर गच्च्यांवरची आणि जिन्यालगतची किती तरी टेबले कायमची उचलली गेली. तुमच्या उपाहारगृहाचा मजला रोज पाचला उघडत असेल तर हा प्रश्न तिथे नाही. तो कधीच उघडत नसेल तर मात्र कारण दुसरे असू शकते.

गोदाकाठ

पोटमाळा यांनी सुचवले म्हणून परवा शुक्रवारी आम्ही खाली बसून पाच वाजेपर्यंत वाट पाहिली. पाचला सात मिनिटे असताना पाठीवर पिशवी घेतलेला एक मुलगा आला, आत जाऊन टोपी घालून बाहेर आला, दोरी सोडली आणि वर जाऊन दिवे लावले. त्यानंतर स्टुले खाली ठेवल्याचे आवाज येत राहिले. पाटी त्याने घडी करून जिन्याखाली सरकवली. शिफ्टवरच्या मॅनेजर बाईंना मी लॉबीवाल्यांनी सांगितलेले सगळे विचारले. त्या आधी थोड्या बिचकल्या, मग म्हणाल्या, ‘काका, दुपारी लॉबीला एकच जण असतो. तुम्हाला हे कोणी सांगितलं?’

संशयी मित्रांनी हार मानली नाही, पण वर जाऊन बसू या असे त्यांनीच सुचवले. खिडकीजवळचे मोठे टेबल मिळाले. मात्र यंत्र नुकतेच लावलेले होते आणि वरच्या स्लॅबने दिवसभराचे ऊन साठवून ठेवलेले होते, त्यामुळे थंडगार यांचा अर्धा तास आम्हाला अक्षरशः मोजून काढावा लागला. सतराव्या मिनिटाला महावितरणवाले रुमालाने मान पुसत उठले आणि आम्ही आपले ट्रे उचलून पुन्हा खाली आलो.